सुट्या इंजिनाचा धनी

गाडी असलेले आणि गाडी नसलेले असे समाजाचे दोन भाग पाडले, तरी एक माणूस दोन्हींच्या मधे उरतोच. त्याच्याकडे गाडी नाही, पण गाडीचं इंजिन आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला तो स्वतः अजून नगर जिल्हाच म्हणतो, हा माणूस भिंगारच्या जुन्या घरात सापडतो, केडगावच्या प्लॉटवर सापडतो आणि राहुरी-श्रीरामपूरच्या उसाच्या पट्ट्यातल्या वस्तीवर तर हमखास सापडतो. वय साठीच्या पुढे. बंडीच्या खिशात पेन नसलं तरी दहा-अकराचा पाना असतो. इंजिन घरामागे, पत्र्याच्या पडवीत, दोन जुन्या टायरांवर विसावलेलं. अंगावर युरियाच्या रिकाम्या गोण्या, त्यांवर ताडपत्रीचा तुकडा आणि तो उडू नये म्हणून वर दोन विटा. इंजिन विलिज जीपचं असेल, अ‍ॅम्बॅसिडरचं असेल किंवा फियाट अकराशेचं. ज्या गाडीचं ते, ती केव्हाच मोडीत गेली. सोयीसाठी या गृहस्थाला आपण धनी म्हणू. धन्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: “याला एखादं चांगलं घर बघा हो. पैशाचा प्रश्न नाही.” हे वाक्य तो व्याह्यांना ऐकवतो, ग्रामसेवकाला ऐकवतो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही ऐकवतो. ऐकणारा निघून गेला, की विटा उचलून ताडपत्री पुन्हा सारखी करतो.

या माणसाला लोक तीन नावं ठेवतात: लोभी, चक्रम आणि आळशी. माझ्या मते तिन्ही खोटी आहेत. लोभी असता तर केव्हाच विकून मोकळा झाला असता. चक्रम असता तर महिन्यातून एकदा प्लग काढून, भोकांतून चमचाभर तेल सोडून, पुलीचा नट पान्यात धरून क्रँक एक फेरा फिरवण्याइतकी शिस्त त्याला जमली नसती. आळशीपणाचा आरोप तर या एकाच वाक्याने निकालात निघतो. खरी गोष्ट अशी, की धनी एका जुन्या हिशेबाने वागतो आहे आणि तो हिशेब जवळजवळ बरोबर आहे. तो फक्त शेवटच्या ओळीत चुकतो. ती चूक नेमकी कोणती, हे कळायला आधी हे इंजिन सुटं झालं कसं ते पाहावं लागेल.

ते बिघडलं म्हणून सुटं झालं नाही. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त होतं, म्हणून सुटं झालं. विलिज जीपचं मूळ इंजिन 134 घनइंचाचं, म्हणजे 2.2 लिटरचं, युद्धाच्या काळात 60 अश्वशक्तीचं. महिंद्रांनी 1947 पासून या जीपा भारतात जुळवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांत सुधारित हरिकेन इंजिन आलं. ताकद भरपूर, चिखलातून बाहेर काढायला उत्तम, पण प्यायला बसलं की थांबायचं नाव नाही. जीप सरकारी असेपर्यंत पेट्रोलचा हिशेब कोणी विचारत नव्हता. तीच जीप लिलावातून बागायतदाराच्या किंवा वडाप करणाऱ्याच्या हाती आली आणि पहिल्याच महिन्यात मिस्त्रीकडे गेली. पेट्रोलचं इंजिन उतरलं, डिझेलचं चढलं. अ‍ॅम्बॅसिडरचंही तेच झालं. तिचं 1489 सीसीचं इंजिन मुळात इंग्रजी बीएमसी घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन एमजी कंपनीने आपल्या एमजीए नावाच्या देखण्या स्पोर्ट्स गाडीत घातलं होतं. ही माहिती धनी प्रत्येकाला देतो आणि ती खरी आहे. पण नगर-दौंड रस्त्यावर सात माणसं, दोन पोती आणि एक करडू घेऊन जाणाऱ्याला स्पोर्ट्स गाडीच्या घराण्याचं काय कौतुक? तिथेही डिझेल बसलं. अशा रीतीने महाराष्ट्रभर गॅरेजांच्या कोपऱ्यांत चालू स्थितीतली पेट्रोल इंजिनं जमा झाली. मालकाने मजुरी देताना विचारलं, “मिस्त्री, जुन्याचं काय करू?” मिस्त्री म्हणाला, “राहू द्या, लागंल कधी.” धन्याच्या आयुष्याचं सूत्र त्या चार शब्दांत आलं.

“लागंल कधी” ही काही निव्वळ पळवाट नव्हती. फियाटसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत होती, तो काळ डोळ्यांपुढे आणा. गाडी मिळणं अवघड, तिचा सुटा भाग मिळणं त्याहून अवघड. डिस्ट्रिब्युटरची कॅप हवी असेल तर पुण्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला चिठ्ठी द्यायची आणि देवाचं नाव घ्यायचं. अशा काळात ज्याच्या पडवीत अख्खं इंजिन पडलेलं, तो तालुक्यातला सुखी माणूस. वॉटर पंप गेला, काढ तिकडून. रॉकर आर्म मोडला, काढ तिकडून. त्यातून नगर म्हणजे यंत्रावर हात बसलेल्यांचं गाव. रणगाड्यांचं शिक्षण देणारं आर्मर्ड कोअर सेंटर इथे, लष्करी गाड्यांची चाचणी घेणारी व्हीआरडीई इथे, लुना बनवणारी कायनेटिक इथली. बजाज टेम्पो उभी करणारे नवलमल फिरोदिया नगरचे, आणि गावोगाव ज्या मॅटाडोर धावल्या त्यांच्या पोटात मर्सिडीजच्या परवान्याचं डिझेल इंजिन होतं. फौजेत ड्रायव्हर किंवा फिटर म्हणून वर्षं काढून गावी परतलेले लोक इथे खेडोपाडी भेटतात. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारेही फौजेत ड्रायव्हरच होते. ज्या मुलखात इतक्या लोकांना इंजिन उघडता येतं, तिथे ते टाकून देणं हा अपराधच वाटणार. एखाद्या गावात पुस्तकं टाकवत नाहीत, इथे ब्लॉक टाकवत नाही.

आता धनी घर कसं शोधतो ते पाहू. लोक सहज म्हणून जातात, की हा इंजिनासाठी मुलीसारखं स्थळ शोधतोय. ही उपमा साफ चुकीची आहे. मुलीचा बाप स्थळातले दोष पोटात घालतो, कारण त्याला लग्न व्हायला हवं असतं. धनी स्थळातले गुणसुद्धा दोषांत मोजतो. भंगारवाला आला तर त्याला ताडपत्रीही उचलू देत नाही; वजनकाटा पाहूनच त्याला परत पाठवतो. शेतकरी आला, विहिरीवर किंवा चाऱ्याच्या कुट्टीला लावतो म्हणाला, तर धनी म्हणतो, “ह्ये काय पाणी उपसायचं इंजिन हाय का?” पुण्याहून जुन्या जीपांचा शौकीन तरुण आला, तर त्याची तोंडी परीक्षा. फायरिंग ऑर्डर सांग. कार्बोरेटर कुठला होता? टॅपेटला फट किती ठेवशील? एक-तीन-चार-दोन हे उत्तर बरोबर आलं तरी धन्याचा चेहरा खुलत नाही. पोरगा मोबाइलमध्ये बघून आला असणार, हा संशय त्याला रात्रभर पुरतो. आणि सगळं जुळलंच तर शेवटचा प्रश्न असतो: “गाडी उघड्यावर लावता का शेडमध्ये?” या प्रश्नापुढे आजवर कुणी टिकलेलं नाही. पैशाचा प्रश्न नाही हे तो म्हणतो ते अक्षरशः खरं आहे. किंमत सांगितली की ती देणारा निघू शकतो, हा धोका त्याने आधीच ओळखलेला असतो.

त्याच्यावरचा सगळ्यात ठोस आक्षेप घरातून येतो आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. पडवीत इंजिन आहे म्हणून तिथे सरपण ठेवता येत नाही. कोंबडी नेमकी फ्लायव्हीलच्या आडोशाला अंडी घालते आणि ती काढायला जाणाऱ्याचा हात काळा होतो. नातवंडं त्यावर चढतात, पडतात, रडतात. फरशीला तेलाचा जो डाग पडलाय तो कुठल्याच साबणाने जात नाही. “अहो, त्या लोखंडाला घर बघताय, आपल्या घराकडं बघा जरा,” हे वाक्य तिथे दर दिवाळीच्या साफसफाईला उच्चारलं जातं. धन्याची बायको ही या प्रकरणातली खरी हिशेबनीस. मोडीचा भाव तिला पाठ असतो. गोठ्यातल्या गायी विकताना धन्याने एवढी चौकशी केली नव्हती, हेही तिच्या लक्षात असतं. तिच्या बाजूने एवढं मान्य करायलाच हवं, की इंजिन हलवायला चार माणसं आणि एक चेनपुली लागते, त्यामुळे ते आज हलेल, उद्या हलेल या आशेवर बाई पडवीचा बेत आखू शकत नाही. शहरात हाच आक्षेप सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लेखी येतो. सावेडीच्या इमारतीत पार्किंगची जागा गाडीसाठी असते. इंजिन हा गाडीचा भाग आहे, म्हणून तेही गाडीच, असा युक्तिवाद धनी करतो आणि सर्वसाधारण सभेचा अर्धा तास खातो.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. लोखंड लोखंडाला मिळालं पाहिजे, बिडाचा ब्लॉक फाउंड्रीत वितळला पाहिजे, नवं काहीतरी झालं पाहिजे. तसंच पडून राहिलं तर राष्ट्राचं नुकसान. ऐकायला ठीक आहे. पण ब्लॉक वितळवला की त्यातलं बीड तेवढं हाती लागतं. सिलिंडरचं बोअर, क्रँकच्या जर्नलची घोटीव गोलाई, हेडवर बसवलेल्या व्हॉल्व्ह सीटा, हे सगळं काम त्याच मिनिटाला संपतं. त्या कामाची किंमत काट्यावर येत नाही. धनी भंगारवाल्याला हाकलतो तेव्हा तो हेच म्हणत असतो, फक्त शब्द वेगळे वापरतो आणि ते इथे छापता येत नाहीत.

शिवाय 2021 साली केंद्र सरकारने धन्याच्या बाजूने एक अनपेक्षित साक्ष दिली. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम आले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुन्हा नोंदणीला 5,000, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. रॅलीला, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या, बास. त्यातली खरी मेख अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालणार नाही. म्हणजे ज्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, त्यांची नातवंडं आता पेट्रोल इंजिन शोधत हिंडणार. “लागंल कधी” मधला ‘कधी’ अखेर उगवला. मात्र आनंदाच्या भरात धनी एक गोष्ट विसरतो. इंजिनाला नंबर असतो आणि तो आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं की आरटीओकडे नोंद करावी लागते, आणि नोंदीसाठी विचारलं जातं की हे आलं कुठून. धन्याकडे इंजिन आहे, कागद नाही. जीप मोडीत काढताना आरसी बुक कुठल्याशा ट्रंकेत गेलं, ट्रंक कुणाच्या तरी लग्नात गेली. जिल्ह्याचं नाव 2024 साली बदललं आणि सगळ्या पाट्या नव्या झाल्या, तरी ब्लॉकवर ठोकलेला नंबर तोच आहे. त्याला जुळणारा कागद तेवढा हवा.

धन्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, जो तो स्वतः कधी मांडत नाही. आपण वाहनं जपतो म्हणजे त्यांचं अंग जपतो. नगरजवळ मेहेराझादला मेहेरबाबांच्या निळ्या बसचा सांगाडा जपून ठेवला आहे; 1949 सालच्या एकांतवासात बाबा त्यात बसले होते. तिथे हात जोडून उभा राहणारा भाविक बॉनेटखाली काय होतं हे विचारत नाही, आणि त्याने ते विचारावं अशी अपेक्षाही नाही. नगरमधलंच रणगाडा संग्रहालय 1994 साली सुरू झालं. आशियात दुसरीकडे क्वचितच दिसेल असा संग्रह. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी आहे, 1965 साली पाकिस्तानकडून हिसकावलेला पॅटन आहे. लोक तोफेच्या नळीखाली उभे राहून फोटो काढतात. मागच्या झाकणाखालचं इंजिन पाहायला मिळावं म्हणून हट्ट धरणारा प्रेक्षक विरळाच. यंत्राला जे चालवतं तेच आपल्या वारशातून सगळ्यात आधी गळतं. अशा वेळी युरियाच्या गोण्यांखाली का होईना, कुणीतरी नुसतं इंजिनच जपतोय, याला किंमत आहे. सरकारी अनुदान नाही, तिकीट नाही, सोमवारची सुट्टी नाही. महिन्याला एक चमचा तेल, एवढाच संग्रहालयाचा खर्च.

इथपर्यंत धनी बरोबर. चूक पुढे आहे. त्याची समजूत अशी, की इंजिनाचं घर म्हणजे ते जिथून उतरलं तसलीच गाडी, त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच रंगाची. या समजुतीला इंजिनांचा इतिहास अजिबात पाठिंबा देत नाही, आणि पुरावा शोधायला नगरबाहेर जाण्याचं कारण नाही. सेंच्युरियन रणगाडा घ्या. 1971 साली बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमधून लढले आणि धारातीर्थी पडले, तो ‘फामागुस्ता’ नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये सन्मानाने ठेवला आहे. सेंच्युरियनला लावायचं ते मीटिओर इंजिन बारा सिलिंडरचं, 27 लिटरचं. ते आलं कुठून? स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनापासून. सुपरचार्जर काढून टाकला आणि आकाशातलं जमिनीवर आणलं. सुरुवातीची मीटिओर इंजिनं तर वापरलेल्या आणि अपघातात सापडलेल्या विमानांच्या मर्लिनचे चांगले भाग निवडून जुळवली होती. पडलेल्या विमानाचा कुणी धनी असता आणि दुसरं स्पिटफायर मिळेपर्यंत इंजिन देणार नाही म्हणून बसला असता, तर काय झालं असतं? माटिल्डा रणगाड्यात बसच्या जातीची दोन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी बसवली होती. ती बनवणारी एईसी ही कंपनी मुळात लंडनच्या बसगाड्यांची. शर्मनच्या एका प्रकारात तर क्रायस्लर मोटारीची पाच सहा-सिलिंडर इंजिनं एकत्र बांधून तीस सिलिंडरांचा गाडा हाकला गेला. रणगाड्यांच्या जगात इंजिनाने कुळ विचारलं नाही. ज्याला फिरायचं होतं ते फिरलं.

यावर धनी चवताळून विचारेल, मग काय, त्या पुण्याच्या हॉटेलवाल्याला देऊ? तो ब्लॉकवर काच ठेवून चहाचं टेबल करणार होता. इथे मी धन्याच्या बाजूला आहे. नवं घर कुठलंही चालेल, पण इंजिनाने तिथे काहीतरी केलं पाहिजे, आणि पिस्टनच्या जागी मेणबत्ती हे काही करणं नव्हे. परंतु टेबल वाईट म्हणून पडवी चांगली ठरत नाही. विहिरीवर पाणी उपसणं हा अपमान नाही. ज्या इंजिनाने शेत भिजवलं त्याने टायरावर बसलेल्या इंजिनापेक्षा जास्त काम केलं. जुन्या जीपचा शौकीन तरुण फायरिंग ऑर्डर मोबाइलमध्ये बघून आला असेल, पण बघायला आला हे महत्त्वाचं. आणि ही दोन्ही स्थळं नकोच असतील, तर तिसरं घर जिल्ह्यातच आहे: आयटीआयचा वर्कशॉप किंवा तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि दोष लॅपटॉप सांगतो. जीपच्या किंवा अ‍ॅम्बॅसिडरच्या इंजिनात मात्र सगळं हाताला लागतं. डिस्ट्रिब्युटर फिरवला की टायमिंग बदलतं, ते कानाला कळतं. शिकाऊ पोरांनी शंभरदा उघडावं आणि शंभरदा बंद करावं, यासाठी याहून सोपं, सोशीक यंत्र मिळणार नाही. ब्लॉक कापून आतले पिस्टन उघडे दिसतील असं मॉडेल त्यांनी केलं, तर धन्याला वाईट वाटेल. वाटू द्यावं. कापलेल्या इंजिनाकडे बघून एका तुकडीला जे समजेल, ते ताडपत्रीखालच्या अखंड इंजिनाने आजवर कोंबडीलाही शिकवलेलं नाही.

शेवटचा आक्षेप असा, की इंजिन गेलं तर धनी उरतो कशाला? संध्याकाळी कुणाला ताडपत्री उचलून दाखवायची, फायरिंग ऑर्डर कुणाला विचारायची? हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, कारण घर शोधण्याच्या निमित्ताने धन्याला इंजिनावर बोलायला माणूस मिळतो आणि ते निमित्त तो सहज सोडणार नाही. पण त्यावर उपाय आयटीआयतच आहे. तिथे पंचवीस पोरं एका वेळी ऐकतात, आणि ज्याने देणगी दिली त्याला शिकवणारे सर खुर्चीही देतात.

तेव्हा धनीसाहेब, एवढं करा. ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, दिसेल तसा कागदावर उतरवा आणि गाडीचे जुने कागद कुणाच्या ट्रंकेत आहेत ते शोधा. पावसाळ्याच्या आधी चेनपुलीवाल्याला बोलवा. आणि मधल्या काळात क्रँक अडकलाच, तर प्लगच्या भोकांतून डिझेल आणि तेल सोडून आठवडाभर थांबा; हातोडा मारू नका.